थांब म्हटलं की चालायचं

“डोळेच झाकायचे होते तर मला कशाला बोलावलंत? एखादी खुंटी उभी केली असती तरी चाललं असतं,” मी म्हणाले. सारंगनं नेहमीप्रमाणे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो माझ्या डोक्यावरचा पट्टा आवळण्यात गुंतला होता.

कागल रस्त्यावरच्या एका अर्धवट बांधलेल्या हॉटेलच्या गच्चीवर आम्ही उभे होतो. चार मजले चढून झाले की ही गच्ची. भावाभावांत कोर्टकज्जा लागला आणि काम कठड्याच्या आधीच थांबलं, त्यामुळे गच्चीला चारही बाजूंनी कड होती, कठडा नव्हता. सारंगला नेमकी अशीच गच्ची हवी होती. गेले आठ दिवस आम्ही तिथे ‘तेरावी लेव्हल’ या थरारपटाचा शेवट बसवत होतो आणि त्या संध्याकाळी तो चित्रित व्हायचा होता.

सारंग बेडकिहाळ आमचा दिग्दर्शक. बालपण त्यानं व्हिडिओ गेमच्या दुकानात काढलं आणि त्याबद्दल खाल्लेल्या माराचा सूड म्हणून हा चित्रपट काढला, असं तो स्वतःच सांगायचा. गोष्ट अशी होती : ईरा नावाची मुलगी नवे गेम खेळून तपासायची नोकरी करते. एक दिवस ती डोळ्यांवर हा आभासी जगाचा चष्मा चढवते, गेममध्ये शिरते आणि तिला बाहेर पडता येत नाही. गेम बनवणारा म्हातारा आत बसून तिला खेळवत राहतो. कुठलं जग खरं आणि कुठलं खोटं, हे तिलाही कळत नाही आणि बघणाऱ्यालाही नाही.

ईरा म्हणजे मी. वृंदा मगदूम, मुक्काम इस्लामपूर. तोवर मी मालिकांमध्ये नायिकेच्या मैत्रिणीची कामं केली होती, म्हणजे चहाचा ट्रे आणायचा आणि “अगं, पण तो असं का वागला?” असं विचारून निघून जायचं. पहिल्यांदा नायिका झाले, तर निम्म्या चित्रपटात डोळ्यांवर हे खोकं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काही खोटं नाही. घाण्याच्या बैलाला लावतात तशी ती झापडं होती. ईराला त्यात अख्खं जग दिसायचं. मला दिसायचा मिट्ट काळोख, आणि वर रबराचा वास.

पण त्या संध्याकाळी माझं काय होणार याची कुणाला फिकीर नव्हती. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता तो अण्णांसाठी.

अण्णा तेरदाळकर गेम बनवणाऱ्या म्हाताऱ्याचं काम करत होते. एके काळी त्यांचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. माझे वडील त्यांची नाटकं बघायला सायकलवरून सांगलीला जायचे. मग अण्णांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले, वाचा मात्र कित्येक महिने बंद होती. ती परत आली, पण तोवर लोकांनी त्यांना बोलावणं सोडलं होतं. सारंगनं हट्टानं त्यांना घेतलं. आमचे निर्माते पोपटशेठ, इचलकरंजीचे यंत्रमागवाले, या निवडीवर मुळीच खूश नव्हते.

“चेहरा राहू दे त्यांचा,” पोपटशेठ म्हणाले होते, “झकास चेहरा हाय. आवाज दुसऱ्याचा घालू की. पुण्याचा एक पोरगा सांगून ठेवलाय मी.”

सारंग भांडला, रुसला, दोन दिवस जेवला नाही. शेवटी तोड निघाली ती अशी : शेवटच्या प्रसंगातलं मोठं भाषण अण्णांनी एका दमात, न अडखळता, चालू शॉटमध्ये म्हणून दाखवलं, तर अख्ख्या चित्रपटात त्यांचाच आवाज राहील. अडखळले तर पुण्याचा पोरगा. ही अट अण्णांपर्यंत पोचणार नाही असं पोपटशेठना वाटत होतं. पहिल्याच दिवशी ती त्यांच्या कानावर गेली. अण्णा नुसते हसले आणि काकूंना म्हणाले, “चल, बसूया.”

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, शालिनीकाकू. त्या रोज त्यांच्याबरोबर यायच्या. वाचून पाठ करणं अण्णांना आता जमत नसे, म्हणून काकू एकेक वाक्य म्हणायच्या आणि अण्णा ते मागून म्हणायचे. एका कोपऱ्यात पालथ्या घमेल्यावर बसून दोघांचं हे तासन् तास चालायचं. बिगरीतल्या मुलांनी पाढे म्हणावेत तसं ते ऐकू यायचं.

माझा अण्णांवर एक राग होता, तोही सांगून टाकते. ते मला नावानं हाक मारत नसत. सेटवर ईरा, जेवताना ईरा, गाडीत बसतानाही ईरा. सारंगला साहेब म्हणायचे, बाकी सगळ्यांना अहो. एकदा मी धीर करून म्हटलं, “अण्णा, माझं नाव वृंदा. वृंदा म्हणजे तुळस. लक्षात ठेवायला सोपं आहे.” ते माझ्याकडे बघत राहिले, तोंड उघडून मिटलं आणि म्हणाले, “हो, ईरा.” मी काकूंकडे जाऊन कुरकुरले, की मोठ्या माणसांना लहान नटांची नावं कशाला लागतात! काकूंनी विषय बदलला आणि डब्यातला रव्याचा लाडू माझ्या हातावर ठेवला.

तर तो प्रसंग. ईरा डोळ्यांवर चष्मा घेऊन एका पुलावरून चाललीय असं तिला वाटतं. खरं तर ती गच्चीवर आहे. म्हातारा तिला सारखा म्हणतो, “थांब, पुढं पूल संपलाय.” पण एव्हाना ईराला कळून चुकलंय, की हा जे सांगतो ते खोटं असतं. म्हणून तो थांब म्हणाला की ती एक पाऊल पुढं टाकते. अख्खा प्रसंग याच तालावर बसवलेला. आठ दिवस आम्ही तेवढंच घोटलं होतं : थांब म्हटलं की चालायचं. शेवटी शेवटी मला इतकी सवय झाली, की जेवताना वाढणारा “थांबा, भात येतोय” म्हणाला आणि मी ताट घेऊन उठले. सगळे पोट धरून हसले.

मला दिसत नसल्यामुळे जमिनीवरच्या खुणांचा उपयोग नव्हता. मग आमच्या लोकांनी एक युक्ती काढली. गच्चीवर गोणपाटासारख्या किंतानाची एक लांब पट्टी अंथरली आणि वर धूळ पसरली. मी अनवाणी. तळव्याला किंतान लागतंय तोवर चालायचं, किंतान संपलं की उभं राहायचं. ते संपायचं तिथून कड चांगली दहा-बारा फूट लांब होती. कॅमेरा अशा कोनात लावला होता, की बघणाऱ्याला मी थेट कडेवर आहे असं वाटावं. तालमीत हे चोख जमलं होतं. त्यामुळे दोर नाही, जाळी नाही, काही नाही. दोर तर चित्रात दिसलाच असता.

सूर्य कलायला लागला. अण्णांना शिडीनं जिन्याच्या खोलीच्या छपरावर चढवलं, कारण गेमचा धनी उंचावरून बोलतो असं दाखवायचं होतं. एक कॅमेरा त्यांच्यावर होता. दुसरा माझ्या बाजूला रुळांवर. सुरुवातीला तो मला लांबून पूर्ण घेणार आणि मग माझ्याबरोबर सरकत, जवळ येत, नुसत्या चेहऱ्यावर थांबणार. पोपटशेठ खुर्ची टाकून बसले. काकू जिन्याच्या दारात उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून.

शेवटच्या घडीला कॅमेरामन म्हणाला, की लांबच्या चित्रात किंतानाचं मागचं टोक दिसतंय. ते झाकण्यासाठी कुणीतरी पट्टी चटकन पुढं ओढून घेतली आणि तिच्यावर पुन्हा धूळ पसरली. मागचं टोक नाहीसं झालं. चित्र स्वच्छ झालं. पुढचं टोक कुठवर गेलं हे कुणी पाहिलंच नाही. आम्हा सिनेमावाल्यांना चौकटीतला एक केसदेखील खटकतो आणि चौकटीबाहेरचा हत्ती दिसत नाही. मला तर काहीच दिसत नव्हतं. मी त्या वेळी झापडं लावून देवाचं नाव घेत होते, की अण्णा अडखळू नयेत.

सारंगनं ‘ॲक्शन’ म्हटलं.

एक नियम इथे सांगायला हवा. शॉट चालू झाला की तो तोडण्याचा हक्क एकट्या दिग्दर्शकाचा. बाकी कुणी खोकायचंदेखील नाही. आणि अण्णा तर या बाबतीत जुन्या रंगभूमीचे, कर्मठ. एकदा प्रयोगात त्यांच्या खांद्यावर दिवा पडला, सदरा जळला, तरी त्यांनी प्रवेश पुरा केला, ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी ऐकली होती.

अण्णा बोलू लागले. तो आवाज मी काय वर्णन करू! काळोखात उभी असल्यामुळे मला नुसता तोच होता. घमेल्यावर बसून चाचरत म्हटलेली ती वाक्यं आता अशी येत होती, जणू त्या माणसाला कधी काही झालंच नव्हतं.

“खेळ कुणाला फसवत नाही, ईरा. फसायला माणूस आपल्या पायानं येतो. मी फक्त दार उघडं ठेवलं. थांब, पुढं पूल संपलाय.”

मी पाऊल टाकलं. तळव्याला किंतान लागलं.

“बाहेर तुझं कोण आहे? कोण वाट बघतंय? इथे निदान मी आहे. थांब, ईरा.”

मी आणखी एक पाऊल टाकलं. असं ते भाषण वाढत गेलं आणि मी चालत गेले. एकही शब्द घसरला नाही. अवघड जोडाक्षरं त्यांनी लीलया काढली. माझ्या अंगावर काटा आला, आणि मनात आलं, जिंकले अण्णा. आता पुण्याच्या पोराला घरी बसू दे. भाषणाची शेवटची तीन वाक्यं राहिली होती. तालमीत किंतान याच्या कितीतरी आधीच संपायचं. ते अजून पायाखाली होतं, पण आनंदाच्या भरात मला त्याचं काही वाटलं नाही. पुढचं वाक्य पुन्हा “थांब” होतं. पाऊल उचलायच्या बेतात मी ते यायची वाट पाहू लागले.

ते आलं नाही. नुसती शांतता. अण्णांचा श्वास तेवढा ऐकू आला, धाप लागल्यासारखा, एकदा, दोनदा. मला रडू यायला लागलं. विसरले, इतकं होऊन विसरले.

आणि मग त्या काळोखात हाक आली.

“वृंदा.”

मी जागच्या जागी थिजले.

“वृंदा, खाली बस. आहेस तिथेच बस, बाळ.”

ईरा बसली नसती. ईरानं आणखी एक पाऊल टाकलं असतं. पण ही हाक ईराला नव्हती. माझे गुडघे आपोआप दुमडले आणि मी मटकन खाली बसले. तोल सावरायला हात पुढं टेकला. हाताला किंतान लागलं, मग किंतानाचं टोक, ते खाली लोंबत होतं. त्याच्यापुढं माझ्या बोटांना काही लागलंच नाही. खालून वारा वर येत होता.

“गेलं. विसरला म्हातारा,” पोपटशेठचा आवाज आला. सारंग चिडून ‘कट’ म्हणाला. त्याची नजर अजून मॉनिटरच्या पडद्यावर होती आणि पडद्यावर नुसता माझा चेहरा होता. मग कॅमेरामन हलक्या आवाजात म्हणाला, “सारंग, तिचे पाय बघ.”

त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. सारंग सरपटत माझ्यापर्यंत आला आणि कमरेला मिठी घालून त्यानं मला मागे ओढलं. मग त्यानं माझी झापडं काढली. मी एकदाच वळून पाहिलं. माझ्या बसल्या जागेपासून कड वीतभर होती, आणि खाली लोखंडी सळया उभ्या होत्या.

अण्णांना शिडीवरून उतरवलं. ते माझ्याजवळ आले आणि माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. त्यांचे ओठ हलत होते. “ईरा,” ते म्हणाले, “ईरा, ईरा.” आणि स्वतःवरच चिडल्यासारखी त्यांनी मान हलवली.

“अण्णा, तुम्ही थांब का नाही म्हणालात?” सारंगनं विचारलं. त्याचंही डोकं ठिकाणावर नव्हतं.

“थांब म्हटलं असतं, तर ती चालली असती,” अण्णा म्हणाले.

सूर्य गेला होता. दुसऱ्या दिवशी त्या गच्चीवर पाय ठेवायला कुणी तयार नव्हतं. सर्वांत आधी सारंगच नाही म्हणाला. भाषण अपुरं राहिलं. ठरल्या अटीप्रमाणे अण्णा हरले होते, आणि पोपटशेठनी पुण्याला फोनही लावला. मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले, “शेठ, माझ्यासाठी आवाज गेला त्यांचा. तुम्ही असं करणार?” पोपटशेठ वाईट माणूस नव्हता. मान खाली घालून म्हणाले, “पोरी, तुझा जीव वाचला, देव पावला. पण अर्धं भाषण पडद्यावर कसं दाखवू, सांग.”

याचं उत्तर सारंगला सापडलं. महिनाभर संकलनाच्या अंधाऱ्या खोलीत बसून तो हा शॉट पुनःपुन्हा बघत होता. मग त्यानं पोपटशेठना, अण्णांना आणि मला बोलावलं आणि शॉट जसाच्या तसा दाखवला. भाषण, थांब, पाऊल, थांब, पाऊल, मग ती शांतता, मग हाक. गेमचा धनी अनोळखी नावानं हाक मारतो आणि ईरा कोसळल्यासारखी खाली बसते. माझा चेहरा मी स्वतः पाहिला आणि मला ओळखू आला नाही. तसला अभिनय मला सात जन्मांत जमला नसता. सारंगनं गोष्ट थोडी वळवली होती : ईरा हे गेममधलं नाव, खरं नाव वृंदा, आणि ते नाव घेतल्यावर गेम मोडतो.

“ही हाक पुण्याच्या पोराला मारून दाखवू दे,” सारंग म्हणाला. “आणि एका तोंडातून दोन आवाज येऊ शकत नाहीत, शेठ.”

पोपटशेठनी दंडावर उभा राहिलेला काटा चोळला. “ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “त्यांचाच ऱ्हाऊ द्या.”

अण्णांनी घसा खाकरला. “माझी तीन वाक्यं राहिली त्यात,” ते म्हणाले, आणि आम्ही हसत सुटलो. मला हसता हसता हुंदका आला आणि मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

चित्रपट लागला. फार धो धो चालला नाही, पण ज्यांनी पाहिला त्यांना तो शेवट विसरता आला नाही. एका परीक्षकानं तर लिहिलं, की नाव उच्चारताच आभासी जग कोसळतं ही कल्पना दिग्दर्शकाच्या सखोल चिंतनातून आली आहे. सारंग मुलाखतींमधून गंभीर चेहऱ्यानं मान डोलवत राहिला. अण्णांकडे पुन्हा कामं येऊ लागली. मलाही आली, आणि त्यांत माझे डोळे उघडे होते.

सांगलीच्या थिएटरात आम्ही सगळे बरोबर पाहायला गेलो होतो, ते सांगून थांबते. माझ्या शेजारी काकू होत्या. शेवटची हाक आली तेव्हा अख्खं थिएटर चिडीचूप झालं. अंधारात काकूंचे खांदे हलत होते. मला वाटलं, गच्चीवरचं आठवून भ्याल्या असतील. चित्रपट संपला, लोकांनी बाहेर अण्णांना गराडा घातला, तरी काकू उठेनात.

“काकू, झालं गेलं ते,” मी म्हटलं. “मी धडधाकट आहे की.”

“त्यासाठी नाही गं,” त्यांनी डोळे पुसले. “तुला एक सांगू? त्यांनी कुणाला सांगू दिलं नव्हतं. आजारात त्यांची वाचा गेली, ती परत आली. पण नावं नाही आली. माणसांची नावं. माणूस ओळखतात, सगळं कळतं, पाठ केलेलं घडाघडा म्हणतात, पण नाव घ्यायला गेलं की तोंडात काहीच येत नाही. भाषणात ईरा होतं, म्हणून तू ईरा.”

मी पुन्हा त्यांच्या शेजारी बसले.

“तू त्या दिवशी नावावरून बोललीस, ते फार मनाला लागलं त्यांच्या. रोज सकाळी मला तुळशीपाशी उभं करायचे. म्हणायचे, सांग. मी वृंदा म्हणायची. ते तोंड उघडायचे आणि घाम फुटायचा त्यांना. एकदाही आलं नाही. गच्चीवर चढताना मला म्हणाले, आजही नाही आलं.”

बाहेरून अण्णांचा आवाज येत होता. कुणाला तरी ते अहो, अहो म्हणत होते, आणि तो माणूस थोरामोठ्यांनी मान दिल्यासारखा खूश होऊन हसत होता.

“आणि तुमचं?” मी विचारलं. “तुमचं नाव आलं का, काकू?”

“नाही अजून. आजारानंतरचं पहिलं नाव तुझंच.”

या बाईनं त्यांना एकेक शब्द पुन्हा शिकवला, आणि पहिलं नाव माझ्या वाट्याला आलं होतं. उपकार कुणाचे मानू, आणि माफी कुणाची मागू, काही कळेना. मी त्यांचा हात धरला आणि कसंबसं म्हणाले, की ते तुमचं होतं, काकू.

“वेडी आहेस,” त्या म्हणाल्या. “मला काय करायचंय नाव? मला नुसतं अगं म्हटलं तरी मी वळते. तू वळली असतीस का?”